गाणं मोडलं की पहिल्यापासून

मी पांढुर्ण्याला गेले ती फिरायला नव्हे, पळून गेले. आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढे "काय काय पाहिलंत?" असं तुम्ही विचारायला नको. पाहण्यासारखं पुष्कळ होतं, पण त्यातलं निम्मं मी आडवी पडूनच पाहिलं.

कमरेतून निघून डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारी एक कळ गेल्या उन्हाळ्यापासून माझ्याकडे मुक्कामाला आली होती. पुण्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, मणक्याचा एमआरआय पाहिल्याशिवाय मी काही ठरवणार नाही, आणि अंगठा बधिर होतोय त्या अर्थी फार दिवस काढू नका. त्या यंत्राच्या बोगद्यात मी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा, थांबवायचं असेल तर दाबा म्हणून हातात दिलेला रबरी फुगा दाबून बाहेर आले. कानांवर गाणी लावून दिली होती, ती यंत्राच्या ठोक्यांत बुडून गेली. सरळ उताणं पडलं की माझी कळ वाढते, हलू नका म्हटलं की आणखी वाढते, आणि छत नाकाशी आलं की मला माझं नाव आठवत नाही. दुसऱ्या वेळी तर मी चपला तिथेच विसरून रिक्षात बसले.

माझी मामेबहीण कुंदा पांढुर्ण्याला शाळेत शिकवते. तिला फोनवर हे रामायण ऐकवलं तेव्हा ती म्हणाली, "ताई, तू इकडंच ये ना. नागपूरले मोठ्या तोंडाची मशीन हाये म्हनतात, यांच्या ओळखीचे बी हायेत तिथं. अन् भुलाबाई बसली हाये आता. तिथं एकटी रडून काय करून राहिली?"

मी एकटी असते हे खरं. रडत अजिबात नव्हते. पण गेले.

पांढुर्णा

गाडीतल्या प्रवासाबद्दल काही सांगत नाही, कारण गोळी घेऊन मी वरच्या फळीकडे बघत पडले होते आणि ती फळी सगळीकडे सारखीच असते. नागपूरला गाडी बदलली. पांढुर्ण्याला उतरले तेव्हा सकाळचं कोवळं ऊन होतं, रात्री पाऊस पडून गेलेला, आणि फलाटावर कुंदाचे यजमान विजयराव हातात उशी घेऊन उभे. लोक पाहुण्याला घ्यायला हार घेऊन येतात, हे उशी घेऊन आले. मला तिथेच भरून आलं.

"ताई, गाडीत पाठीमागं ठेवाले," ते ओशाळून म्हणाले. "कुंदानं सांगतलं."

पांढुर्ण्याची एक गंमत आहे. दुकानाच्या पाट्या हिंदीत, बँकेतलं बोलणं हिंदीत, आणि भाजीवालीशी घासाघीस मराठीत. न्याहारीला पोह्यांवर शेव आणि शेजारी जिलेबी येते. मी जिलेबी नंतर खाऊ म्हणून बाजूला सारली, तर कुंदा म्हणाली, "अवो, संग संग खा, नाईतर काय मजा!" आमच्या पुण्यात पोह्यांबरोबर गोड खाणाऱ्याकडे लोक काळजीने पाहतील. मी खाल्लं. दुसऱ्या दिवशी जिलेबी यायला उशीर झाला तर मीच स्वयंपाकघरात डोकावून आले.

संध्याकाळी विजयरावांनी मला हळूहळू जाम नदीच्या पुलापर्यंत नेलं. पलीकडे सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी याच पात्रात दोन्ही गावं एकमेकांवर दगड फेकतात, तो दिवस होऊन गेला होता. आता तिथे एक म्हैस पाण्यात बसली होती आणि तिच्या पाठीवर पाखरू. विजयरावांच्या भुवईत एक जुनी खूण आहे. मी तिच्याकडे बघतेय हे त्यांनी ओळखलं आणि म्हणाले, "तवा काईच दुखलं नाई ताई, खरं सांगतो. घरी आल्यावर आईनं हळद लावली, तवा दुखलं."

परत आल्यावर मी पडले ती पडलेच. खिडकीबाहेर अंधारून आलं आणि पलीकडच्या गल्लीतून टिपऱ्या वाजू लागल्या. मग अलीकडच्या गल्लीतून. दोन्हींची गाणी वेगळी होती, पण माझ्यापर्यंत येताना ती एकमेकींत मिसळून जात होती. गोळीची गुंगी होती. मला वाटलं, मी खाटेवर नाही, त्या नदीत त्या म्हशीशेजारी बसले आहे आणि दोन्ही काठांवरून पोरी गाताहेत. कळ होती, पण तीही पाण्यात होती.

आमच्याकडे नवरात्रात भोंडला असतो. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा. इकडे भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर भुलाबाई माहेरी येऊन बसते, सोबत भुलोजी आणि मांडीवर बाळ, सगळे मातीचे. पोरी घरोघरी टिपऱ्या घेऊन जातात. शेवट मात्र दोन्हीकडे एकच. गाणी संपल्यावर झाकलेला डबा येतो, आतली खिरापत ओळखायची, आणि ओळखल्याशिवाय खायला मिळत नाही.

सौंसर

कुंदाची आई, म्हणजे माझी मामी, सौंसरला असते. मामा गेले तरी तिने घर सोडलं नाही. लहानपणी आई आजारी होती तेव्हा एक अख्खा भुलाबाईचा महिना मी मामीकडे काढला होता. तेव्हा मामी नवी सून होती, आणि गल्लीतली गाणी तीच धरायची. तिचा आवाज असा की चार घरं पलीकडची बाई भाकरी थापता थापता ठेका धरायची. अलीकडे तिच्या गळ्यातली गाठ काढली, आणि गाठीबरोबर आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज. फोनवर ती मला ऐकूच यायची नाही, म्हणून आमचं बोलणं तुटलं होतं.

जाताना वाटेत जामसावळीला थांबलो. तिथला मारुती झोपलेला आहे. आमच्या पुण्यातले सगळे मारुती एक तर उभे, नाहीतर पर्वत घेऊन उडणारे. हा पिंपळाखाली आडवा. मी हात जोडून म्हटलं, बाबा रे, तुला तरी कळेल. कुंदा हसली, पण नारळ तिनेच फोडला.

मामी दारातच होती. वाळली होती, केस पांढरे झाले होते, गळ्याशी आडवी रेघ. तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि ओठ हलवले. मला कान जवळ न्यावा लागला.

"आली का माय? बस. पन बसू नोको, तुले बसनं होत नाई म्हने. पडून जा."

दुपारी तिने लोधीखेड्याच्या वाटेवरच्या आपल्या संत्र्याच्या बागेत खाट टाकून दिली. संत्री अजून हिरवीच होती, कुठे कुठे पिवळेपणाची झाक. फांद्या एवढ्या लगडलेल्या की त्यांना बांबूचे टेकू लावलेले. मी खालून बघत होते. प्रत्येक फांदीला टेकू, आणि मला एकही नाही, असं काहीतरी बरळले. मामी खाटेशेजारी खाली बसून वांगी चिरत होती. भाकरी, भरीत आणि ठेचा होता दुपारी, त्या भरताच्या धुराचा वास अजून माझ्या बोटांना येत होता.

कळ आली तेव्हा मी दात आवळले. मामीने विळी बाजूला ठेवली आणि खाटेच्या लाकडावर बोटांनी वाजवायला सुरुवात केली. टक, टक-टक, टक. मी ते लगेच ओळखलं. मामीच्या गल्लीचं फणीचं गाणं. दुसरीकडे ते कुठे ऐकलं नाही.

भुलाबाई नदीवर न्हायला जाते आणि तिची फणी हरवते. ती नदीला विचारते. नदी म्हणते मासोळीला विचार, मासोळी म्हणते बगळ्याला, बगळा म्हणतो वडाला, वड म्हणतो वाऱ्याला, वारा म्हणतो गवळणीला. दर कडव्यात एक नाव वाढतं आणि मागची सगळी पुन्हा म्हणावी लागतात. सगळ्यात शेवटी सासू म्हणते, अगं, फणी तुझ्याच अंबाड्यात आहे. लहानपणी त्या शेवटाला आम्ही हसून हसून पडायचो.

"तू म्हणतेस अजून?" मी विचारलं.

"मनात म्हनतो," मामी कुजबुजली. आमच्या मामीच्या बोलीत बायकासुद्धा करतो-जातो म्हणतात. "दवाखान्यात गळ्यात नळ्या होत्या ना, तवापासून. तोंड बंद होतं. गानं काई बंद नाई झालं. सारं महिनाभराचं म्हनून काढलं म्या तिथं."

"मग दुखणं जायचं?"

"कुठं जाईन? तिथंच बसे." तिने पुन्हा विळी ओढली. "पन गानं सुरू हाये म्हटल्यावर त्याले बी आयकावंच लागे."

मी डोळे मिटून म्हणायला लागले. नदी, मासोळी, बगळा. कळ माझ्या पोटरीत उभी होती. तिच्याकडे लक्ष गेलं, आणि बगळ्यानंतर कोण ते सुचेना. मी वैतागून डोळे उघडले. वर एक हिरवं संत्रं अगदी कपाळावर लोंबत होतं.

"हे काही आपल्याला जमायचं नाही," मी म्हटलं.

मामी वांगी चिरत राहिली.

संध्याकाळी मामीच्या ओसरीत भुलाबाईपुढे गल्लीतल्या पोरी जमल्या. मी भिंतीशी सतरंजीवर आडवी. मला उत्सुकता होती की आवाज नसलेली बाई गाणी कशी धरणार. मामी मध्ये बसली, टिपऱ्या हातात घेतल्या आणि नुसती वाजवू लागली. तिचे ओठसुद्धा हलत नव्हते. पोरी टिपऱ्यांवरून गाणं ओळखायच्या आणि उचलायच्या. सगळ्यांच्या नजरा तिच्या हातांवर. गाणं पोरींच्या तोंडात होतं, पण चालत होतं मामीच्या आत, हे कुणालाही दिसलं असतं.

फणीचं गाणं आलं. पोरींचं अर्धं लक्ष आतल्या डब्याकडे. मासोळीवरून त्या थेट वडावर गेल्या. मामीच्या टिपऱ्या थांबल्या. नुसत्या थांबल्या नाहीत, तिने त्या हवेत धरून ठेवल्या. पोरी पुढे दोन ओळी गात गेल्या, मग एकेक गप्प झाली.

"आजी, आता खिरापत!" एकजण लाडात आली.

टिपऱ्या हवेतच.

"अवो, बगळा राह्यला ना!" दुसरी कपाळावर हात मारून ओरडली. "झालं आता! पहिल्यापासून!"

त्या गल्लीचा हा कायदाच आहे. गाणं मध्ये मोडलं तर जिथे मोडलं तिथून उचलायचं नाही, पहिल्या ओळीपासून घ्यायचं. भुलाबाई अर्ध्या गाण्यावर उठून जाते म्हणतात. आमच्या भोंडल्यात आम्ही ओळ विसरलो की "ला ला ला" करून पुढे जायचो आणि खिरापतीवर तुटून पडायचो. इथे मामी कुणावर रागावत नाही, ओरडू तर शकतच नाही. फक्त टिपऱ्या धरून थांबते. पोरी कुरकुरत नदीवर परत गेल्या, आणि या वेळी बगळ्याला एवढ्या जोरात हाक मारली की भुलोजीही दचकला असेल.

खिरापत कुणालाच ओळखता आली नाही. मामीची कधीच ओळखता येत नाही. ती डबा फडक्यात गुंडाळते, त्यामुळे हलवला तरी आवाज नाही. निघाली सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीचं सारण भरून तळलेली वडी.

नागपूर

सौंसरहून सावनेरमार्गे नागपूर. मी मागच्या सीटवर विजयरावांच्या उशीला टेकून. मामी माझ्याबरोबर येणार हे कुणी ठरवलं नव्हतं, ती सरळ गाडीत येऊन बसली, मांडीवर एक फडक्यात गुंडाळलेला डबा. काय आहे विचारलं तर तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला लागली.

मोठ्या तोंडाचं यंत्र म्हणजे काय, तर आधीच्या बोगद्यापेक्षा वीतभर रुंद बोगदा. मला खरंच भीती वाटत होती, शोभेची नाही, पोटातली. या वेळी बाहेर आले असते तर पुन्हा कुठे गेलेच नसते, हे मला माहीत होतं. आणि अंगठ्याचं बधिरपण आता तळव्यापर्यंत आलं होतं.

तिथला तरुण माणूस समजूतदार होता. हातात फुगा दिला, कानांत बोळे घातले आणि म्हणाला, "मॅडम, हलू नका बरं का. हलल्या तर पूर्ण भाग पहिल्यापासून घ्यावा लागते."

मला हसू आलं. त्याला वाटलं, बाईला धीर आला.

आत सरकले. छत आलं. मी डोळे आधीच मिटले होते. ठोके सुरू झाले, ठण-ठण-ठण-ठण, कुणी अडाणी हाताने टिपऱ्या बडवाव्या तसे. मामी असती तर तिने त्या यंत्राकडून टिपऱ्या काढून घेतल्या असत्या, असं मनात आलं, आणि त्या विचारापाठोपाठ ओसरी आली. सतरंजी, पोरी, मातीची भुलाबाई. मी नदीवर गेले.

नदी बाई नदी. ठोक्यांशी गाणं जुळेना, मग मी ठोक्यांना माझ्याशी जुळवलं. दोन सोडायचे, तिसरा धरायचा. कळ कमरेतून निघाली. येऊ दे म्हटलं, बस इथं. मासोळी आली. पाणी थंड होतं आणि त्यात ती म्हैस अजून बसलेली होती. यंत्राने ताल बदलला, खर्र-खर्र करायला लागलं, तेव्हा मी वाऱ्याचं कडवं म्हणत होते की वडाचं, आणि कळ पोटरीतून खाली तळव्यात शिरली, पेटलीच. बगळ्यानंतर कोण? कोण? माझ्या बोटांनी फुगा शोधला. छत नाकाशी असणार. डोळे उघडले की संपलं.

मग मला मामी दिसली, टिपऱ्या हवेत धरून बसलेली. रागावलेली नाही. नुसती थांबलेली.

मी फुगा सोडला नाही, पण दाबलाही नाही. नदीवर परत गेले. पहिल्यापासून. रडत होते, कानांच्या बोळ्यांत पाणी जात होतं, हलता येत नव्हतं म्हणून पुसता येत नव्हतं. नदी, मासोळी, बगळा. बगळा म्हणाला वडाला विचार. वडाखाली सावली होती. वड म्हणाला वाऱ्याला विचार. वारा संत्र्याच्या बागेतून आला. कळ तिथेच होती, माझ्या शेजारी गवतात पाय पसरून बसलेली, आणि मला शपथेवर वाटतं, तीसुद्धा आता फणीची वाट बघत होती. मी किती वेळ तिथे होते मला ठाऊक नाही. वारा गवळणीकडे पाठवतो, गवळण डोईवरचा हंडा उतरवते...

ठोके थांबले. पाठीखालची फळी बाहेर सरकली.

"झालं, मॅडम! एकदम मस्त!"

"थांबा," मी डोळे न उघडता म्हटलं. "फणी सापडायचीय अजून."

तो घाबरला. "फणी? मेटलची होती का? अंगावर काई ठेवू नका म्हटलं होतं ना!"

मी त्याला हाताने थांबवलं आणि शेवटचं कडवं म्हणून घेतलं. मग उठले.

बाहेर कुंदा धावत आली. "ताई! झालं का? पुरं झालं? आईनं तं पार वात आनला. केव्हाची डब्बा वाजवून राहिली, त्या काउंटरवाल्या बाई दोनदा रागावल्या."

मामी बाकावर बसली होती, बोटं अजून डब्यावर. मी तिच्याजवळ वाकू शकत नव्हते, म्हणून ती उभी राहिली आणि माझ्या कानाशी आली.

"पुरं म्हटलं?"

"पुरं. एकदा मोडलं. पहिल्यापासून घेतलं."

"बगळा?"

मी मान डोलावली. आम्ही दोघी हसायला लागलो, ती बिनआवाजाची, मी भरपूर आवाजाची, आणि काउंटरवाली बाई तिसऱ्यांदा आमच्याकडे बघायला लागली. मामीने डबा माझ्या हातात दिला. मी हलवला, अर्थातच काही वाजलं नाही. शिरा म्हटलं, वडी म्हटलं, लाडू म्हटलं. मामी प्रत्येक वेळी नकाराची मान हलवत होती, आणि कुंदा ओरडत होती, "आई, आज तरी तिले सांग ना वो!" सांगितलं नाही. गाडीत सावनेर मागे पडल्यावर मी हरले तेव्हाच तिने फडकं सोडलं. आत पांढुर्ण्याहून आणलेली जिलेबी होती. कुंदाने माझी चुगली केली होती तर.

घरी

परत येऊन आठवडा होत आला. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून पाहिले. चकती सरकून नसेवर बसली आहे. ऑपरेशन करायचं, आणि लवकर करायचं. दिवस ठरला आहे. पुन्हा ती पोटातली भीती आली, पण या वेळी मी चपला घालून, शांतपणे घरी आले.

एकच गोष्ट मला सतावत होती. भुलीचं औषध. ते दिल्यावर माणूस बोलता बोलता विझतो म्हणतात. म्हणजे मी कितीही लवकर म्हणायला सुरुवात केली तरी गाणं मध्येच मोडणार. मासोळीवर मोडेल, बगळ्यावर मोडेल. आणि पहिल्यापासून घ्यायला मी जागी नसेन. कुणाला सांगितलं असतं तर हसले असते. म्हणून आज दुपारी मामीला फोन केला. दारं-खिडक्या लावून घेतल्या, पंखा बंद केला, फोन कानाशी घट्ट धरला आणि तिला हे सगळं विचारलं.

फोनमध्ये मागे कुठेतरी सौंसरच्या गल्लीतून सायकलची घंटी गेली. मग ती कुजबुज आली, आणि मला शब्दन्‌शब्द ऐकू आला.

"तू झोप माय. जिथं सुटंन तिथून पुढचं मी म्हनतो."